अपुऱ्या दिवसांच्या बाळाची रुग्णालयातील काळजी

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जिवंत जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा मुदतपूर्व बाळ असे म्हणतात. अशा बाळाची फुप्फुसे, त्वचा, आतडी, मेंदू व रोगप्रतिकारशक्ती यांची वाढ अपुरी असते. त्यामुळे जन्मानंतरचे पहिले काही दिवस ते काही आठवडे त्याला रुग्णालयात विशेष काळजीची गरज भासते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीपूर्वी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख बाळे भारतातील होती व ही संख्या कोणत्याही एका देशातील सर्वाधिक होती. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे सर्वांत मोठे कारण मुदतपूर्व जन्म व त्यातून उद्भवणारी गुंतागुंत हे आहे.

या बाळांवरील उपचार यंत्रांवर अवलंबून असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात व सतत लक्ष या चार गोष्टींवर बहुसंख्य बाळांचे जगणे अवलंबून असते आणि त्या चारही गोष्टींत आईवडिलांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे पालक हे उपचारांचाच भाग आहेत, अशी भूमिका आधुनिक नवजात शिशुशास्त्राने स्वीकारली आहे. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर व त्याला लागून असलेल्या मेळघाटासारख्या भागात मोठे रुग्णालय दूर असल्याने या भूमिकेला विशेष महत्त्व आहे.

व्याख्या व प्रकार

गर्भधारणेचा पूर्ण काळ ४० आठवड्यांचा मानला जातो. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेली बाळे अतिशय मुदतपूर्व, २८ ते ३२ आठवड्यांदरम्यान जन्मलेली बाळे फार मुदतपूर्व आणि ३२ ते ३७ आठवड्यांदरम्यान जन्मलेली बाळे मध्यम ते उशिराची मुदतपूर्व समजली जातात. सर्वाधिक बाळे तिसऱ्या गटात मोडतात व योग्य काळजी मिळाल्यास त्यांपैकी बहुतेक जगतात.

कमी वजनाचे बाळ व अपुऱ्या दिवसांचे बाळ या दोन संज्ञा एकच नाहीत. जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बाळ कमी वजनाचे समजले जाते. असे बाळ अपुऱ्या दिवसांचे असू शकते किंवा पूर्ण दिवसांचे असूनही गर्भाशयात त्याची वाढ खुंटलेली असू शकते. दोन्ही कारणे एकत्र आल्यास धोका वाढतो.

कारणे

अनेकदा मुदतपूर्व प्रसूतीचे निश्चित कारण सापडत नाही. जुळी गर्भधारणा, गरोदरपणातील उच्च रक्तदाब, मूत्रमार्गाचा वा योनिमार्गाचा जंतुसंसर्ग, तीव्र रक्तक्षय, हिवताप, गर्भजल अकाली वाहून जाणे, अगदी लहान वयातील गर्भधारणा आणि दोन बाळंतपणांतील कमी अंतर ही ज्ञात कारणे आहेत. विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत आढळणाऱ्या सिकल सेल आजारामुळेही मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. म्हणून गरोदरपणात लवकर नोंदणी, रक्ततपासणी व रक्तदाबाची नियमित मोजणी यांना महत्त्व आहे.

प्रसूतीपूर्वीचे उपचार

मुदतीपूर्वी प्रसूतीकळा सुरू झाल्यास बाळावरील उपचार त्याच्या जन्माआधीच सुरू करता येतात. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी दाखवून दिले की, आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. भारत सरकारच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान प्रसूतीकळा सुरू झाल्यास आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली जातात. दर १२ तासांनी एक याप्रमाणे एकूण चार मात्रा असतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा परिचारिकाही देऊ शकते.

शक्य असल्यास बाळ पोटात असतानाच आईला विशेष कक्ष असलेल्या रुग्णालयात हलवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग मानला जातो. जन्मानंतर रुग्णवाहिकेतून नेलेले बाळ वाटेत थंड पडू शकते, त्याच्या रक्तातील साखर उतरू शकते किंवा त्याचा श्वास थांबू शकतो.

अचलपूर व मेळघाट परिसरातील उपचारांची साखळी

पूर्वी एलिचपूर या नावाने ओळखले जाणारे व वऱ्हाडची जुनी राजधानी असलेले अचलपूर हे सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावतीपासून सुमारे ५० किलोमीटरवर वसले आहे. परतवाडा हे त्याचे जोडशहर आहे. चिखलदरा व धारणी हे मेळघाटातील दोन तालुके उत्तरेकडील डोंगराळ भागात असून तेथे प्रामुख्याने कोरकू समाजाची वस्ती आहे. धारणीहून परतवाड्याकडे येणारा रस्ता हरिसाल व सेमाडोहमार्गे जंगलातून व घाटातून जातो. त्यामुळे मैदानी भागाच्या तुलनेत येथे रुग्णालय गाठण्यास अधिक वेळ लागतो.

शासकीय व्यवस्थेत नवजात बाळांच्या काळजीचे तीन स्तर आहेत. प्रत्येक प्रसूतिस्थळी बाळाला कोरडे करणे, ऊब देणे व श्वास सुरू करून देणे यांसाठी नवजात शिशु काळजी कोपरा असतो. त्यावरच्या स्तरावर नवजात शिशु स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा पातळीवर विशेष नवजात शिशु काळजी कक्ष असतो. हा विशेष कक्ष ‘एसएनसीयू’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. राष्ट्रीय निकषांनुसार १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला विशेष कक्षात दाखल केले जाते.

अचलपूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. अधिक गुंतागुंतीच्या बाळांना अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात पाठवले जाते. हे रुग्णालय लोकांमध्ये ‘डफरीन’ या जुन्या नावाने परिचित आहे व तेथे विशेष कक्ष आहे. अकोला येथे जिल्हा स्त्री रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्यापुढील ठिकाणे आहेत. १०२ व १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका बोलावता येते.

या साखळीत बाळ एका रुग्णालयात व बाळंतीण दुसऱ्या रुग्णालयात अशी ताटातूट होण्याचा संभव असतो. सिझेरियन झालेली आई मागे राहते आणि वडील किंवा आजी बाळासोबत पुढे जातात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्याने अनेकदा वडीलही दुसऱ्या गावी असतात. अशा वेळी आईचे दूध काढून बाळापर्यंत पोहोचवणे व आईला लवकरात लवकर बाळाजवळ आणणे, या दोन गोष्टींना वैद्यकीय दृष्ट्या प्राधान्य असते.

शासकीय रुग्णालयांत १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्याअंतर्गत आजारी नवजात बाळाची औषधे, तपासण्या, रक्त व वाहतूक निःशुल्क आहे. सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत असलेली ही सोय पुढे एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. राज्य शासनाची आरोग्य विमा योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावतीचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. असे असले, तरी रोजंदारीवर काम करणाऱ्या कुटुंबाला बुडालेली मजुरी व नातेवाइकांचा राहण्या-जेवण्याचा खर्च सोसावा लागतो. बाळाला मध्येच घरी नेण्याचा विचार कुटुंबाच्या मनात येण्यामागे हेही एक कारण असते.

कक्षातील उपचार

ऊब : मुदतपूर्व बाळाच्या त्वचेखाली चरबीचा थर नसल्याने ते फार लवकर थंड पडते. बाळाचे काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राखणे आवश्यक असते. त्यासाठी वरून उष्णता देणारा रेडियंट वॉर्मर किंवा चारही बाजूंनी बंद असलेला इनक्युबेटर वापरतात. ‘बाळाला काचेत ठेवले’ हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग या इनक्युबेटरवरूनच आला आहे. वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या जवळ जाते. त्या दिवसांत उलट बाळाचे अंग तापण्याचा व शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका असतो.

श्वास : फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारा सरफॅक्टंट हा द्रव अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी असतो. त्यामुळे बाळ कण्हते, त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात व श्वासाची गती वाढते. नाकावाटे सतत सौम्य दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र हा यावरील प्रमुख उपचार असून गरजेनुसार श्वासनलिकेतून सरफॅक्टंट औषध देतात. काही बाळे श्वास घेणेच ‘विसरतात’. अशा बाळांना कॅफिन हे औषध दिले जाते. प्राणवायू गरजेपुरताच द्यावा लागतो, कारण त्याच्या अतिरेकाने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते.

आहार : चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ साधारणपणे ३४ व्या आठवड्यानंतर बसतो. त्याआधीच्या बाळांना तोंडातून जठरात घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने पाजता येते. पलाडाई हे चोच असलेले भांडे घरोघरी वापरल्या जाणाऱ्या बोंडल्यासारखेच असते. अगदी लहान किंवा गंभीर बाळांना सुरुवातीला शिरेतून द्रव देतात. दुधाचे प्रमाण अत्यल्प असते. दीड किलो वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे ८० मिलिलिटर या हिशेबाने दिवसभरात १२० मिलिलिटर आहार लागतो. दर दोन तासांनी पाजल्यास एका वेळी ते १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरते. आईला सुरुवातीला येणारे थोडेसे दूध या गरजेच्या मानाने कमी नसते.

जंतुसंसर्ग : रक्तातील जंतुसंसर्ग हे मुदतपूर्व बाळांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. कक्षात येणाऱ्या प्रत्येकाने कोपरापर्यंत हात साबणाने धुणे, अंगठी व बांगड्या काढून ठेवणे आणि प्रत्येक बाळाला हात लावण्यापूर्वी हात निर्जंतुक करणे हे सर्वांत परिणामकारक उपाय आहेत.

कावीळ : अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत अपरिपक्व असल्याने रक्तातील बिलिरुबिन वाढते. ते फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाळाचे डोळे झाकून अंगावर निळा प्रकाश सोडणे हा यावरील उपचार आहे. कोवळ्या उन्हात धरल्याने हा उपचार साधत नाही आणि लहान बाळ त्यात थंड पडू शकते किंवा तापू शकते.

डोळ्यांची तपासणी : भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासला जावा, असा संकेत आहे. त्याहून लहान बाळांची तपासणी दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यात करतात. या आजारात बाहेरून काहीही दिसत नाही, उपचारांचा काळ थोडा असतो आणि तो टळल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. बाळ तोवर घरी गेलेले असल्यास ही तपासणी चुकण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे तिची तारीख लक्षात ठेवणे ही पालकांची महत्त्वाची जबाबदारी ठरते.

पालकांचा सहभाग

कांगारू मातृसेवा : १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी इनक्युबेटरच्या टंचाईवर उपाय म्हणून ही पद्धत सुरू केली. यात लंगोट, टोपी व मोजे एवढेच घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवतात. त्याची मान एका बाजूला वळवलेली व पाय बेडकासारखे दुमडलेले असतात. वरून कापडाने बाळाला आईच्या अंगाशी बांधतात. आईच्या शरीराची ऊब त्याला सतत मिळते, श्वास नियमित होतो, दूध वाढते व जंतुसंसर्ग कमी होतो.

पूर्वी बाळ स्थिर झाल्यानंतरच ही पद्धत सुरू करत असत. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १००० ते १७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरले गेले. बाळ स्थिर होण्याची वाट पाहिलेल्या गटापेक्षा या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मापासूनच दिवसातील ८ ते २४ तास कांगारू सेवा देण्याची शिफारस केली. आईला विश्रांती हवी असताना वडील, आजी किंवा आत्या यांनाही बाळाला असे धरता येते.

आईचे दूध : बाळ चोखू शकत नसले, तरी प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच आईने हाताने दूध काढण्यास सुरुवात करणे आवश्यक असते. दर दोन ते तीन तासांनी व रात्रीही दूध काढल्यास ते टिकून राहते. मुदतपूर्व बाळाच्या आईच्या दुधात प्रथिने व रोगप्रतिकारक घटक अधिक असतात. आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा गंभीर आजार आईचे दूध मिळणाऱ्या बाळांत कमी आढळतो. गाईचे, शेळीचे किंवा पावडरचे दूध हा त्याचा समतुल्य पर्याय नाही.

कुटुंबसहभागी काळजी : बाळाच्या कक्षात नातेवाइकांना प्रवेश न देण्याची जुनी पद्धत जंतुसंसर्गाच्या भीतीतून आली होती. भारत सरकारने २०१७ साली कुटुंबसहभागी काळजीच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पालकांना हात धुणे, बाळाची स्वच्छता, नळीने वा वाटीने पाजणे, कांगारू सेवा व धोक्याची लक्षणे ओळखणे हे टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. इंजेक्शन, औषधांची मात्रा व यंत्रे ही कामे मात्र परिचारिका व डॉक्टर यांच्याकडेच राहतात.

विशेष कक्षांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीमुळे तीव्रतेने पुढे आला. या आगीत १० बाळांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश देण्यात आले.

मानसिक परिणाम : अचानक झालेली प्रसूती, नळ्यांनी वेढलेले बाळ व अनिश्चितता यांमुळे आईवडिलांना अपराधीपणा, भीती व निद्रानाश जाणवतो. कामाचा ताण, प्रवास किंवा खाण्यातील एखादी चूक यांचा दोष आईला देण्याची प्रवृत्ती आढळते. बहुतेक वेळा त्याला वैद्यकीय आधार नसतो. बाळाला स्पर्श करू देणे, त्याच्या स्थितीविषयी रोज स्पष्ट शब्दांत सांगणे व आईच्या जेवणाकडे आणि विश्रांतीकडे लक्ष देणे यांनी हा ताण हलका होतो.

महाराष्ट्रातील कार्य

मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आईचे दूध उपलब्ध नसलेल्या मुदतपूर्व बाळांना तेथे इतर मातांनी दान केलेले व निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले.

गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत व माता यांच्याद्वारे चाललेल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुदतपूर्व बाळांमधील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून एक दशांशावर आल्याचे याच प्रयोगाच्या २००५ सालच्या अहवालात नोंदवले गेले. २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांमार्फत राबवल्या जाणाऱ्या घरपोच नवजात सेवेचा पाया या कामात आहे. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ ही संस्था धारणी तालुक्यात, तर डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे हे दांपत्य बैरागड येथे आरोग्यसेवेचे काम करत आले आहे.

समजुती व प्रथा

‘सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. ती वस्तुस्थितीच्या उलट आहे. गर्भाशयात मिळणाऱ्या प्रत्येक आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढते. आठव्या महिन्यातील बाळ जगणार नाही, असे गृहीत धरून उपचारांत दिरंगाई होणे हा या समजुतीचा खरा धोका आहे.

बाळाला जन्मतःच आंघोळ घालणे, जोराने मालिश करणे, मध किंवा गुटी चाटवणे, डोळ्यांत काजळ घालणे व पहिले चिकाचे दूध काढून टाकणे या प्रथा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घातक ठरतात. शेगडीच्या धुराने बाळाला श्वासाचा त्रास होतो. मेळघाटात बाळाचे पोट फुगल्यास पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची अघोरी प्रथा आढळते. मुदतपूर्व बाळात पोट फुगणे हे जंतुसंसर्गाचे किंवा आतड्याच्या आजाराचे लक्षण असू शकते. चटक्यांमुळे जखमा होतात आणि उपचारांचा मोलाचा वेळही जातो. गावातील भूमका, म्हणजे पारंपरिक उपचारक, यांना विश्वासात घेऊन बाळाला रुग्णालयात पाठवण्यास प्रवृत्त करण्याचे प्रयत्न आरोग्य यंत्रणेने केले आहेत.

घरी जाणे व नंतरची काळजी

मुदतपूर्व बाळाचे वजन पहिल्या आठवड्यात घटते व साधारणपणे १० ते १४ दिवसांत जन्मवेळेइतके होते. पुढे ते रोज किलोमागे सुमारे १५ ग्रॅम वाढणे अपेक्षित असते. बाळ तोंडाने पुरेसे दूध घेऊ लागले, यंत्राविना त्याचे तापमान टिकू लागले, वजन सलग काही दिवस वाढले आणि आईला काळजी घेण्याचा आत्मविश्वास आला की रुग्णालयातून सुट्टी देतात. या अटी पूर्ण होण्याआधी बाळाला घरी नेल्यास ते पुन्हा आजारी पडण्याचा धोका मोठा असतो.

घरीही कांगारू सेवा चालू ठेवणे, केवळ आईचे दूध देणे, लोह व ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देणे आणि पाहुण्यांची गर्दी टाळणे आवश्यक असते. बारशासारखे समारंभ त्यासाठी पुढे ढकलता येतात. लसी बाळाच्या प्रत्यक्ष जन्मतारखेनुसार दिल्या जातात. वाढीचे टप्पे मात्र सुधारित वयानुसार पाहतात. उदाहरणार्थ, ३२ व्या आठवड्यात जन्मलेले बाळ आठ आठवडे आधी आलेले असते. ते सहा महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवली जाते. श्रवण, दृष्टी व हालचालींत उशीर आढळल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी व उपचार मिळतात.

रुग्णालयात झालेल्या प्रसूतीनंतर आशा स्वयंसेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी गृहभेट देते. दूध न ओढणे, बाळ सुस्त होणे, अंग थंड किंवा गरम लागणे, मिनिटाला ६० पेक्षा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, पोट फुगणे, झटके येणे आणि तळहात-तळपाय पिवळे दिसणे ही धोक्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास बाळाला छातीशी धरून, ऊब देत त्वरित रुग्णालयात न्यावे लागते.